मोह टाळल्याची साक्ष मंडळीपुढं द्यावी का?

कुंडलिकाकाठ:

सगळ्यांना सलाम.

आमच्या चर्चच्या मंडळीत (जालना, नाव लिहीत नाही, गावातले ओळखतीलच) उपवासकाळात दर रविवारी संदेशाच्या, म्हणजे पाळकांच्या प्रवचनाच्या, आधी साक्षीला वेळ असतो. हा काळ भस्म बुधवारी सुरू होतो, पुनरुत्थानाच्या सणापर्यंत चालतो. कोणीतरी पुढं येतं, माइक धरतं आणि सांगतं: तंबाखू सुटली, मटका सुटला, बांधावरून भावाशी अबोला होता तो मिटवला. मंडळी टाळ्या वाजवते, पेटीवाला एक कडवं उचलतो, मग संदेश.

यंदा पाळकसाहेबांनी पंच कमिटीत विषय काढलाय की हे बंद करू. त्यांचं म्हणणं: माणूस तंबाखू सोडतो आणि कौतुकाची तलफ लावून घेतो. ही दुसरी तलफ पहिलीपेक्षा चिवट.

पंचांत सरळ दोन तट पडलेत. एका बाजूला बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय: उपवास करताना डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना कळू देऊ नका, दान करताना उजव्या हाताचं डाव्याला कळू नये. दुसऱ्या बाजूला लूकचा आठवा अध्याय: ज्याच्यातून भुतं निघाली तो माणूस येशूच्या मागं यायला निघतो, तर येशू त्याला परत पाठवतो, घरी जा आणि देवानं तुझ्यासाठी काय केलं ते सांग. दोन्ही प्रभूच्याच मुखातलं. त्यामुळं बैठकीत दोन्ही बाजू एकमेकांवर वचनं फेकतात आणि चहा घेऊन घरी जातात.

पुढच्या बैठकीत हात वर करायचाय. नम्रता आणि मोह या दोन गोष्टी एकत्र कशा सांभाळायच्या, यावर तुमचे अनुभव लिहा. ख्रिस्ती असण्याची अट नाही.

निवृत्त_मास्तर:

पाळकसाहेबांचा मुद्दा चांगला सोळाशे वर्षं जुना आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकांतात राहणारे संन्यासी मनात कोणता विचार कधी येतो, कशाच्या पाठोपाठ येतो, हे बारकाईनं तपासत. त्यांच्यातला इव्हाग्रियस (मृत्यू 399) यानं आठ विचारांची यादी केली: खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, राग, उबग, पोकळ मोठेपणा आणि गर्व. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी पहिला यानं तिची फेरमांडणी केली आणि पुढं ती सात महापापं म्हणून जगभर गेली.

गंमत यादीच्या क्रमात आहे. शेवटचे दोन, मोठेपणा आणि गर्व, आधीच्या सहांवर मात केलेल्या माणसालाच गाठतात. खादाड माणसाला उपवासाचा गर्व कुठून येणार? त्याच परंपरेतल्या जॉन कॅसियननं कांद्याचा दाखला दिलाय. एक पापुद्रा काढला की खाली दुसरा तयार. भारी कपड्यांनी तोरा आला नाही तर फाटक्या कपड्यांनी येतो. चारचौघांत बोलून आला नाही तर गप्प राहण्यानं येतो.

आणि सगळ्या संन्याशांचा आद्य पुरुष अँथनी. त्याला एकदा दिसलं की सैतानानं साऱ्या पृथ्वीवर फास पसरून ठेवलेत. तो कळवळून म्हणाला, यातून सुटेल तरी कोण? उत्तर एका शब्दाचं आलं: नम्रता.

तेव्हा माझं मत, साक्ष बंद करा.

कोरडवाहू:

मास्तर, कांद्याचं आमाला नका सांगू. भाव पडला की सगळे पापुद्रे सारखेच.

आमच्या मंडळीत (अंबड तालुका) एक काका हायेत. दर उपवासकाळात त्यांची तंबाखू सुटती. दर वर्षी साक्ष, दर वर्षी टाळ्या. पोरं मागच्या सतरंजीवर बसून पैजा लावतेत की औंदा कोणत्या रविवारी. मागल्या खेपेला साक्ष देता देता हात आपोआप बंडीच्या खिशाकडं गेला, चुन्याची डबी निघाली, टेबलावर बायबलाच्या शेजारी ठेवली आन् बोलत राहिले. सगळ्यात आधी पाळकबाई हसल्या.

पर एक बगा. काका दर वर्षी उभं राहतेत. लोक हसणार हे म्हाईत असून राहतेत. ह्याला गर्व म्हणायचं का काय?

नास्तिकनाना:

बायबलातल्या गणना या पुस्तकात, 12:3 मध्ये लिहिलंय की मोशे हा पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांहून नम्र होता. परंपरेनं ते पुस्तक कोणी लिहिलं म्हणतात? मोशेनं. इथंच धागा संपायला हवा होता. हलकं घ्या.

निवृत्त_मास्तर:

नाना, हा विनोद यहुदी आणि ख्रिस्ती अभ्यासकांनी तुमच्या आधी करून झालाय. ते वाक्य मागाहून कोणीतरी घातलं असं पुष्कळांचं मत आहे. पण त्याच्या आधीचं वाक्य वाचा. सख्खी भावंडं मिर्याम आणि अहरोन मोशेविरुद्ध बोलताहेत आणि तो स्वतःच्या बाजूनं चकार शब्द काढत नाही. पुढं मिर्यामला कोड फुटतं तेव्हा तिच्यासाठी रदबदली तोच करतो.

नास्तिकनाना:

मान्य. घरच्या भांडणात गप्प बसणं हा चमत्कारच.

हलेलुया_नांदेड:

प्रभूची स्तुती असो!

मास्तरांचा आदर राखून सांगतो, साक्ष बंद करणं म्हणजे सैतानाला आयतं रान मोकळं करून देणं. प्रकटीकरण 12:11 काढा. विश्वासणाऱ्यांनी सैतानाला जिंकलं ते कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, रक्तामुळं आणि आपल्या साक्षीच्या वचनामुळं. स्पष्ट लिहिलंय.

मी विश्वासात आलो तो संदेश ऐकून नाही. संदेश मला कळतही नव्हता. मोंढ्यात हमाली करणारा एक माणूस प्रार्थनेला उभा राहिला आणि म्हणाला की हप्ता मिळाला की घरी जाताना मी तीन गल्ल्या वळसा घालून जातो, कारण सरळ रस्त्यावर गुत्ता आहे. एवढंच बोलला आणि खाली बसला. मलाही तोच रस्ता होता, तोच गुत्ता होता. त्या दिवशी तो भाऊ मोठेपणाच्या भीतीनं गप्प बसला असता तर माझं काय झालं असतं?

इजिप्तच्या वाळवंटात हमाल नव्हते, मास्तर. तिथं एकेकटे बसणारे संन्यासी होते. आपण मंडळीत राहणारी माणसं.

वैजापुरी:

आमच्याकडं (कॅथलिक) असा माइक नसतो. आमचं काय असेल ते कन्फेशनमध्ये (पापांची कबुली), जाळीच्या पलीकडं फादर, अलीकडं आपण. आणि गंमत म्हणजे तिथं कोणी 'मी मोह टाळला' असं सांगत नाही. जे टाळता आलं नाही तेच सांगायचं असतं. त्यामुळं तुमचा प्रश्न आमच्याकडं उद्भवतच नाही.

नम्रतेचा घोळ आमच्याकडं दुसरीकडं आहे. पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात, योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे धुतो तसे. त्या बारांत नंबर लागावा म्हणून महिनाभर आधी सिस्टरांकडं वशिला. मग ते बारा जण घरून टाचा वजरीनं घासून, साबणानं धुऊन, नवे मोजे घालून येतात. फादर धुणार काय, डोंबल! 2013 साली पोप फ्रान्सिस यांनी हा विधी रोममधल्या अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात केला. त्या बारांत मुली होत्या, मुस्लिम होते. आमच्या गावात त्या वर्षी चर्चा काय, तर आमच्या दादांचा नंबर या वर्षीही का नाही!

कोरडवाहू:

पंख्याचं इसरले का लोक? आमच्या मंदिरात (चर्चात) पंखे कमी आन् दात्यांची नावं जास्त. पातं फिरलं की नाव वाचता येत नाही म्हणून एकानं मधल्या वाटीवर लिहून घेतलं. लाइट गेली की सगळी मंडळी मान वर करून वाचत बसती.

फाईलवाला:

एरवी वाचूनच निघून जातो. आज लिहितो.

मी महसूल खात्यात आहे. गाव आणि पद सांगत नाही. फेरफार, वारसनोंद, सातबाऱ्याच्या दुरुस्त्या, हे रोजचं. माझ्या टेबलावर मोह पाहुण्यासारखा येत नाही, तो फाईलच्या आत टाचून येतो. देणारा वाईट असतो असंही नाही. कधी म्हातारी असते, पदराची गाठ सोडून घामट नोट पुढं करते आणि म्हणते, लेकरा, चहा घे. नाही म्हटलं तर तिला वाटतं काम होणार नाही.

इथं बहुतेकांनी नम्रता म्हणजे मोहावर मात केल्यानंतर पाळायचं पथ्य असं धरलंय. माझा अनुभव उलटा आहे. नम्रता आधी लागते. 'मी घेणार नाही, मी त्यातला नाही' असं छातीठोक म्हणणारे दोन वर्षांत सगळ्यात आधी गेलेले मी पाहिलेत. येशूचा शिष्य पेत्रसुद्धा त्याला तेच म्हणाला होता, तुझ्याबरोबर तुरुंगात जायला आणि मरायलाही तयार आहे. कोंबडा आरवायच्या आत त्यानं येशूला तीनदा नाकारलं, ते सगळ्यांना माहीत आहे. पौल करिंथकरांना लिहितो की आपण उभे आहोत असं ज्याला वाटतं त्यानं पडू नये म्हणून जपावं. आणि लगेच पुढच्या वचनात, देव परीक्षेबरोबर निघायची वाटही ठेवतो. निघायची वाट म्हणतोय तो, लढायचं मैदान म्हणत नाही.

योसेफाची गोष्ट घ्या, उत्पत्ती 39. मालकाच्या, पोटीफराच्या बायकोनं वस्त्र धरलं तेव्हा हा तिथं उभा राहून प्रवचन देत नाही. वस्त्र तिच्या हातात टाकून पळतो. स्वतःवर भरवसा असता तर थांबला असता.

म्हणून माझी व्यवस्था पळपुट्याची आहे. टेबल भिंतीला लावून न ठेवता दारासमोर घेतलंय, येणारा-जाणारा सगळ्यांना दिसतो. एकट्या माणसाला समोर बसवत नाही, मागच्यालाही बोलावून शेजारी बसवतो. पाच वाजल्यानंतर कोणाचा चहा घेत नाही, कारण संध्याकाळच्या चहाला वेगळी चव असते. घरी बायकोला पगाराची चिठ्ठी दाखवतो आणि ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवते. यात शूरपणाचं काही नाही. मी पडेन हे मला माहीत आहे, म्हणून पडायच्या जागा झाकून ठेवल्यात.

साक्षीबद्दल विचाराल तर नांदेडच्या भावांच्या हमालानं जे सांगितलं ती खरी साक्ष. तो 'मी जिंकलो' म्हणाला नाही. कुठून वळायचं ते सांगितलं.

खामकाठची:

फाईलवाला दादा, +1. हा प्रतिसाद आमच्या पाळकांना वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

मी नर्स आहे, संभाजीनगर. आमच्या क्षेत्रात मोह उलट्या बाजूनं येतो. रात्रपाळीत कोणाच्या तरी आईचं डायपर बदललं, नातेवाईक पाया पडतात, 'तुम्ही देव आहात' म्हणतात. पैसे नाकारता येतात, ट्रेमध्ये ठेवलेली नोट परत करता येते. हे वाक्य कसं परत करायचं? 'आम्ही आमचं कर्तव्य करतो' म्हटलं की ते आणखी भारावतात. आमच्या एक जुन्या सिस्टर होत्या, त्या अशा वेळी फक्त म्हणायच्या, 'सलाइन संपत आलंय, लक्ष ठेवा'. आणि दुसऱ्या खाटेकडं चालू पडायच्या.

पैठणकर_वारकरी:

रामकृष्णहरी. धाग्यात आगंतुक आहे, पण मालकांनी सगळ्यांना बोलावलंय म्हणून लिहितो.

आमच्या नाथ महाराजांची आख्यायिका इथल्या पोराटोरांना माहीत आहे. नाथ गोदावरीवर स्नान करून निघाले की एक माणूस अंगावर थुंकायचा. नाथ परत नदीत. पुन्हा तो थुंकला, पुन्हा नदीत. लोक 108 वेळा म्हणतात. शेवटी तोच शरमला आणि पाया पडला. नाथ त्याला म्हणाले, तुझ्यामुळं आज गंगेत इतकी स्नानं घडली. मला त्यात राग आवरण्यापेक्षा शेवटचं वाक्य मोठं वाटतं. त्यात 'मी किती सोसलं' नाही.

आणि दुसरी तेरची. गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली. मुक्ताबाईंनी विचारलं, यातली मडकी पक्की किती, कच्ची किती? गोरोबांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. सगळे मुकाट बसले. नामदेव मात्र चिडले, हे काय चाललंय म्हणून. झालं, कच्चं मडकं ठरलं. पांडुरंगाशी बोलणारा माणूस, आपल्या नरसीचा, आणि तो कच्चा! मग औंढ्याला विसोबा खेचरांकडं गेले आणि गुरू केला. तुमच्या पाळकसाहेबांना सांगा, साक्ष देऊ द्या, फक्त देणाऱ्याच्या डोक्यावर आधी एकदा थापटणं मारून बघा.

निवृत्त_मास्तर:

वा! मठवासी संन्याशांसाठी संत बेनेडिक्टनं लिहिलेल्या नियमावलीत सातव्या प्रकरणात नम्रतेच्या 12 पायऱ्या आहेत. त्यातली चौथी जवळपास हीच, अन्याय झाला तरी मुकाट धीर धरणं.

मांजराकाठची:

इथपर्यंत शांतपणे वाचत आले, आता राहवत नाही.

थुंकलं तर पुन्हा अंघोळ करा, डोक्यात मारलं तर मुकाट बसा, अन्याय झाला तर चौथी पायरी. नाथ ब्राह्मण होते, त्यांनी हे केलं म्हणून ते थोर. माझ्या आजीच्या अंगावर कोणी थुंकलं असतं तर तिच्या मुकाट राहण्याची कथा कोणी सांगितली असती का? ती विहिरीच्या काठापासून लांब उभी राहायची आणि कोणी वरून पाणी ओतलं तर घागर भरायची. तिला नम्रता शिकवायला पाळकाची गरज नव्हती, सगळं गाव शिकवत होतं.

मराठवाड्यातली बहुतेक ख्रिस्ती घरं कोणत्या वस्त्यांतून आली ते आपण सगळे जाणतो, बोलत नाही. अशा घरांपुढं वेदीवरून 'नम्र व्हा, नम्र व्हा' म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं? 1978 पासून 1994 पर्यंत मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी माणसं मार खात होती, घरं जळत होती, तेव्हाही शहाण्यांचा सल्ला हाच होता: जरा नमतं घ्या.

पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय नीट वाचा, येशूबद्दल आहे. जो देवाच्या स्वरूपाचा होता त्यानं स्वतःला रिक्त केलं आणि दासाचं रूप घेतलं. ज्याच्याजवळ होतं त्यानं सोडलं. ज्याच्याजवळ कधीच नव्हतं त्याला 'सोड' म्हणणं याला मी नम्रता म्हणत नाही, लाचारी म्हणते. आणि येशूच्या आईचं, मरियेचं गीत, लूक 1. ती स्वतःला दासी म्हणते आणि त्याच दमात गाते की त्यानं सत्ताधाऱ्यांना आसनांवरून ओढून काढलं आणि दीनांना उंच केलं. लीन बाई आहे, पण आवाज बघा.

आता मूळ प्रश्न. तुमच्या मंडळीत माइक हातात घेणाऱ्या बायका किती? ज्या बाईनं आयुष्यात चार माणसांत तोंड उघडलं नाही ती उभी राहून 'मी नवऱ्याचा मार मुकाट खाणं सोडलं' म्हणाली, तर तिला मोठेपणाच्या पापाची भीती घालणार का? पंच कमिटीतल्या, आधीच खुर्चीवर बसलेल्या पुरुषांनी आपल्यासाठी साक्ष बंद करावी. तिच्यासाठी करू नये.

पैठणकर_वारकरी:

ताई, उत्तर नाही माझ्याकडं. वाचतोय.

निवृत्त_मास्तर:

मांजराकाठच्या बाई, 'ज्याच्याजवळ होतं त्यानं सोडलं' यावरून आमच्या जालन्यातलंच उदाहरण द्यायचा मोह होतोय. नारायण शेषाद्री. ब्राह्मण घरातले, 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडं राहून परतला, त्याला जातीत घ्यावं का यावर मुंबईत केवढा गदारोळ झाला. नारायणरावांनी पुढं जालन्याजवळ बेथेल वसवलं, मांग समाजातल्या ख्रिस्ती कुटुंबांना जमीन कसायला घेऊन तिथंच राहिले. फिलिप्पै 2 असं जगून दाखवलेला माणूस आपल्या जिल्ह्यात होऊन गेला.

मांजराकाठची:

मास्तर, नारायणरावांबद्दल मलाही आदर आहे. पण त्यांचं नाव, साल, भावाचं नाव तुम्हाला तोंडपाठ. बेथेलमध्ये पहिल्यांदा आलेल्या कुटुंबांतल्या एका तरी बाईचं नाव सांगा. त्यांनी काय मागं टाकलं, कोणाचा रोष ओढवून घेतला? त्यांची साक्ष कोणी लिहून घेतली नाही, म्हणून तर आज आपल्याकडं ती नाही.

निवृत्त_मास्तर:

नाही सांगता येत. बरोबर बोललात. माझ्या वरच्या मतातलं 'बंद करा' कच्चं धरा.

संपादक:

दोन प्रतिसाद उडवले आहेत. धर्मांतरावर भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा. इथं चर्चा चांगली चाललीय.

नास्तिकनाना:

माझा उडालेला नाही ना? बघून घेतलं. आता एक सरळ शंका, खोडी नाही. येशूची अरण्यातली परीक्षा. चाळीस दिवस उपास, मग सैतान येतो: धोंड्यांच्या भाकरी कर, मंदिराच्या टोकावरून उडी टाक, पाया पड म्हणजे सगळी राज्यं देतो. तिथं दुसरं कोणी नव्हतं. मग हे मत्तयाला आणि लूकला कळलं कुठून?

मांजराकाठची:

नाना, आज पहिल्यांदा तुमच्याशी सहमत. कोणी नव्हतं म्हणजे त्यानंच सांगितलं असणार. प्रभूनं स्वतःच्या मोहाची साक्ष दिली, एवढं तरी मान्य करा पंचांनो.

फाईलवाला:

मान्य, पण कशी दिली तेही बघा. तिन्ही उत्तरांत स्वतःचं एक वाक्य नाही. तिन्ही जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातली, लहानपणी पाठ केलेली. मनुष्य केवळ भाकरीनं जगत नाही, परमेश्वराची परीक्षा पाहू नको, त्यालाच नमन कर. सैतानही स्तोत्र 91 तोंडपाठ म्हणून दाखवतो, म्हणजे नुसत्या पाठांतरानंही भागत नाही. आणि दुसरा मोह तर तुमच्या माइकचाच आहे, सगळ्या यरुशलेमेच्या डोळ्यांसमोर उडी टाक, देवदूत झेलतील. गर्दी टाळ्या वाजवेल. तो उतरून आला.

वैजापुरी:

लूकमध्ये तो मोह शेवटी आहे, मत्तयात मधे. क्रम बदललाय. आमचे फादर म्हणायचे, लूकला तोच सगळ्यात अवघड वाटला असेल.

खामकाठची:

आणि पेत्राच्या नाकारण्याची गोष्ट? अंगणात शेकोटीपाशी तो एकटा होता, बाकी शिष्य पळालेले. ती त्यानंच सांगितली असणार. मंडळीचा पुढारी झाल्यावर. आपल्याकडं पंच कमिटीचा अध्यक्ष उभा राहून असं सांगेल?

कोरडवाहू:

आमचा अध्यक्ष उभा राहिला तर ताळेबंदच सांगेल, तोबी जुळणार नाही.

टपालवाला:

उशिरा आलो. एक वेगळी माहिती. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना 1935 साली अमेरिकेत ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी सुरू झाली. तिच्या बैठका आपल्या महाराष्ट्रातही होतात. माझ्या घरातलं एक माणूस जातं. तिथं साक्षीशिवाय दुसरं काहीच नसतं. पण पद्धत बघा. आडनाव नाही. सुरुवात 'मी दारुडा आहे' अशी, वीस वर्षं न प्यायलेल्याचीसुद्धा. 'सुटली' कोणी म्हणत नाही, 'आजचा दिवस नाही घेतली' म्हणतात. बोलून झाल्यावर कोणी सल्ला देत नाही. त्यांच्या बारा पायऱ्यांतली सातवी म्हणजे आमचे दोष दूर कर अशी देवाला नम्रपणे केलेली विनंती. आणि त्यांच्या परंपरांतली शेवटची सांगते की नाव न सांगणं हाच सगळ्याचा आध्यात्मिक पाया आहे.

म्हणजे मत्तय 6 आणि लूक 8 दोन्ही एकाच खोलीत बसू शकतात. खोली छोटी पाहिजे, एवढंच.

हलेलुया_नांदेड:

टपालवाले भाऊ, चांगलं सांगितलं. पण छोट्या खोलीत तोच येईल ज्याला आपला आजार कळलाय. मी मोठ्या सभेत मागच्या रांगेत बसलेला होतो, मला कुठं माहीत होतं मला काही ऐकायचंय ते. मोठी सभाही पाहिजे.

खामकाठची:

दोन्ही ठेवा की मग. सभेत नाव न घेता पाळकांनी वाचून दाखवावं. चिठ्ठ्यांची पेटी ठेवा.

मांजराकाठची:

पुन्हा आमचा आवाज पाळकांच्या तोंडून? नको. जिला स्वतः बोलायचंय तिला बोलू द्या.

कुंडलिकाकाठ:

सगळ्यांचे आभार. काल बैठक झाली, म्हणून धागा वर काढतोय.

फाईलवाला दादांचा आणि मांजराकाठच्या ताईंचा प्रतिसाद छापून नेला होता (नावं आयडीचीच ठेवली). मोठ्यानं वाचला. लाचारीच्या परिच्छेदावर दोन ज्येष्ठ पंच उठून बाहेर गेले, त्यातले एक परत आले. पाळकसाहेब बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, हिशेबाच्या वहीत बघा मागच्या उपवासकाळात किती बायका माइकवर आल्या. वहीत अशी नोंद नसते, पण सगळ्यांनाच उत्तर माहीत होतं.

ठरलं ते असं. रविवारची साक्ष चालू. टाळ्या आणि कडवं बंद, माणूस बोलला की सरळ प्रार्थना. पंच आणि त्यांच्या घरच्या पुरुषांनी या उपवासकाळात माइकवर यायचं नाही. भक्ती संपल्यावर मागच्या खोलीत ज्यांना थांबायचंय त्यांची बैठक, तिथं पाळकसाहेबसुद्धा सतरंजीवर. दात्यांच्या नावाचे पंखे यावर चर्चा झाली नाही, वेळ संपला असं इतिवृत्तात लिहिलंय.

माझं स्वतःचं मत पाळकसाहेबांच्या मूळ सूचनेविरुद्ध पडलं. पण टाळ्या बंद व्हायलाच हव्या होत्या.

कोरडवाहू:

भक्ती संपल्यावर म्हणजे किती वाजता? खेड्यावरच्या बायका थांबणार कशा? आमच्या बाजूची एसटी साडेबाराला, मंग थेट चारला. मागची खोली गावातल्याच लोकांची होऊन बसंल.

मांजराकाठची:

कोरडवाहू दादा, हाच खरा मुद्दा. बैठक भक्तीच्या आधी घ्या.

खामकाठची:

आधी घेतली तर स्वयंपाक कोण करणार? संदेश पंधरा मिनिटांनी कमी करा, म्हणजे बस सापडते.

नास्तिकनाना:

संदेश कमी करा हे पाळकसाहेबांना कोण सांगणार?

कुंडलिकाकाठ:

सूचक मी. अनुमोदक पाठवा.